एक रुपयाचे कार्ड

मुंबईतल्या शेअर दलालांनी १८७५ साली आपली एक संस्था काढली, तेव्हा तिची प्रवेश फी एक रुपया होती. १९२० साली त्याच संस्थेत शिरायचे तर अठ्ठेचाळीस हजार रुपये मोजावे लागत. पंचेचाळीस वर्षांत एकाचे अठ्ठेचाळीस हजार! या संस्थेचे मूळ नाव लांबलचक आहे, ‘नेटिव्ह शेअर अँड स्टॉक ब्रोकर्स असोसिएशन’. आज आपण तिला बीएसई म्हणतो, आणि जुनी माणसे नुसते ‘दलाल स्ट्रीट’ म्हणतात.

या बाजारात कोणता शेअर चढला आणि कोणता पडला, हे सांगणारे पुष्कळ आहेत. मला बोलायचे आहे ते त्या संस्थेच्या घरखर्चाविषयी. व्यापाऱ्यांची संस्था चालते कशावर, तिची गंगाजळी कुठून येते आणि वाईट दिवस आले म्हणजे ती कोणाच्या उपयोगी पडते? प्रश्न साधा वाटतो. पण तुमच्या गावातल्या अडत्यांच्या, सराफांच्या किंवा कापड व्यापाऱ्यांच्या संघटनेचा ताळेबंद एकदा उघडून पाहा. पहिल्या वर्षी उत्साहाने वर्गणी जमते. तिसऱ्या वर्षी थकबाकीची यादी वर्गणीच्या यादीपेक्षा लांब होते. मग सभागृह लग्नांना भाड्याने देऊन शिपायाचा पगार भागवला जातो. सभासदांच्या दारात मोटारी उभ्या असतात आणि संस्थेचे वीजबिल मात्र भरायचे राहिलेले असते. सभासद श्रीमंत म्हणून संस्था श्रीमंत, असे समीकरण कुठेही नसते. दलाल स्ट्रीटची संस्था दीडशे वर्षे टिकली. ती कशी टिकली, आणि मधे एकदा जवळजवळ कशी बुडाली, हे पाहण्यासारखे आहे.

सुरुवात कापसापासून करावी लागते. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि तिथला कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला. लँकेशायरच्या गिरण्यांना हिंदुस्थानच्या कापसाशिवाय गत्यंतर उरले नाही. भाव भडकले आणि युद्धाच्या चार-पाच वर्षांत सात-आठ कोटी पौंडांची जादा दौलत मुंबईत आली, असे जुने लेखक सांगतात. एवढा पैसा ठेवायचा कुठे? मग बँका निघाल्या, समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्या निघाल्या आणि त्यांचे शेअर निघाले. बॅक बे रेक्लमेशन कंपनीचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांच्या आसपास गेला. १८५० च्या सुमारास शेअरची दलाली करणारे जेमतेम अर्धा डझन होते, ते या तेजीत दोनशे-अडीचशे झाले. टाउन हॉलसमोर, आजच्या हॉर्निमन सर्कलच्या परिसरात, वडाच्या झाडांखाली त्यांचे व्यवहार चालत. छप्पर नव्हते, दप्तर नव्हते, नियमांचे पुस्तकही नव्हते. शब्द दिला की सौदा झाला.

१८६५ च्या वसंतात अमेरिकेतले युद्ध संपले आणि कापसाचे भाव कोसळले. त्याच्या आधारावर उभे असलेले शेअरचे वायदे १ जुलै १८६५ ला पुरे करायचे होते. तो दिवस उजाडला, तेव्हा ज्याने द्यायचे त्याच्याकडे पैसे नव्हते आणि ज्याला मिळायचे तोही दुसऱ्या कोणाचे देणे लागत होता. बँक ऑफ बॉम्बेचा २,८५० रुपयांपर्यंत चढलेला शेअर ८७ रुपयांवर आला. १८६८ मध्ये ती बँकच बंद करावी लागली. या तेजीचा राजा समजले गेलेले प्रेमचंद रायचंद यांचेही साम्राज्य त्यात गेले. विद्यापीठाच्या राजाबाई टॉवरसाठी देणगी देणारे ते हेच. दिनशा वाच्छा यांनी पुढे १९१० मध्ये या सगळ्या प्रकरणावर एक इंग्रजी पुस्तक लिहिले. कोवळ्या वयात त्यांनी ती धामधूम डोळ्यांनी पाहिली होती, हे त्याच्या पानापानांतून जाणवते.

माझ्या मते त्या वर्षीची सर्वांत बोलकी गोष्ट भाव पडण्याची नाही. भाव पडतातच. बोलकी गोष्ट ही की बुडालेल्यांनी जायचे कोणाकडे, याला उत्तर नव्हते. अडीचशे दलाल होते, पण कोणाची एक रुपयाची अनामत कुठे जमा नव्हती. अमुक माणूस दलाल आहे की नाही, हे सांगणारी यादीसुद्धा नव्हती.

म्हणून दहा वर्षांनी, ९ जुलै १८७५ च्या सुमारास, उरल्यासुरल्या दलालांनी संस्था काढायचे ठरवले. संस्थापकांमध्ये प्रेमचंद रायचंद यांचेही नाव घेतले जाते. ३ डिसेंबर १८८७ च्या घटनापत्रात संस्थेचे उद्देश नोंदले आहेत. एतद्देशीय दलालांची अब्रू, दर्जा आणि हितसंबंध राखणे हा पहिला. आणि सभासदांसाठी एक सभागृह किंवा इमारत उपलब्ध करून देणे हा दुसरा. ‘अब्रू’ आणि ‘इमारत’ एकाच वाक्यात यावीत, याची मला मोठी गंमत वाटते. वडाखाली उभे राहून पोळलेल्या माणसांना दोन्ही गोष्टी सारख्याच महत्त्वाच्या वाटल्या असणार.

पहिल्या यादीत ३१८ सभासद होते. म्हणजे एक रुपया फीने फार तर ३१८ रुपये जमले असतील. एवढ्यात मुंबईच्या कोटात इमारत होत नाही. १८७७ मध्ये फी पाच रुपये झाली. तरी वीस वर्षे संस्थेला स्वतःचे घर नव्हते. १८९५ मध्ये दलाल स्ट्रीटवर जागा मिळाली आणि १८९६ मध्ये प्रवेश फी एकदम एक हजार रुपये झाली. हा नुसता योगायोग असेल, असे मला वाटत नाही. १८ जानेवारी १८९९ रोजी जे. एम. मॅक्लीन यांच्या हस्ते ‘ब्रोकर्स हॉल’चे उद्घाटन झाले. पुढे शेजारची जागा घेऊन १९३० मध्ये मोठी इमारत झाली आणि १९८० च्या सुमारास आज दिसणारा उंच मनोरा उभा राहिला. घर बांधण्याचा उद्देश या संस्थेने कधी सोडला नाही, आणि पुढे त्याच घराने तिला हात दिला.

आता सभासदांचे आकडे पाहा. १८७५ मध्ये ३१८, १८९६ मध्ये ३३३, १९१६ मध्ये ३६२. एकेचाळीस वर्षांत अवघे चव्वेचाळीस वाढले! या काळात मुंबईत गिरण्या किती निघाल्या, कंपन्या किती वाढल्या. पण बाजाराचे दार जेमतेम किलकिले होते. पहिल्या महायुद्धाच्या शेवटी तेजी आली आणि चार वर्षांत सभासद ४७८ झाले. फी १९१६ मध्ये अडीच हजार होती, ती १९२० मध्ये अठ्ठेचाळीस हजारांवर गेली.

इथे या संस्थेच्या अर्थकारणाची किल्ली आहे. दलालाला मिळणारे सभासदत्वाचे ‘कार्ड’ म्हणजे नुसती पावती नव्हती. बाजारात उभे राहण्याचा तो परवाना होता, आणि संख्या मर्यादित असल्यामुळे त्याला किंमत होती. सभासदाला आपल्या जागी दुसऱ्याचे नाव सुचवण्याचा हक्क असे; संचालक मंडळाने पसंत केले की कार्ड त्याच्याकडे जाई आणि जुन्याला त्याचे पैसे मिळत. बापाचे कार्ड मुलाकडे जाई. घरात सोने असते, तसे कार्ड असे.

शिवाय ते तारणही होते. एखाद्या सभासदाने देणे थकवले की त्याला ‘डिफॉल्टर’ जाहीर करत, त्याच्या कार्डावरचा हक्क संस्थेकडे येई आणि ते विकून आलेल्या पैशातून बाजारातल्या इतर सभासदांची देणी भागवली जात. १८६५ मध्ये जे नव्हते, ते आता होते.

पण हे कार्ड नक्की कोणाचे? हा वाद थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. एका सभासदाला देणे थकल्यामुळे संस्थेने काढून टाकले आणि तो नादार झाला. नादारांची मालमत्ता ताब्यात घेणारा सरकारी अधिकारी म्हणजे ऑफिशियल असायनी. तो म्हणाला, कार्ड ही या माणसाची मालमत्ता आहे, तेव्हा तिचे पैसे त्याच्या सगळ्या धनकोंना मिळाले पाहिजेत. त्यात किराणा दुकानदार आला, घरमालक आला, सावकार आला. संस्था म्हणाली, कार्ड आमच्या नियमांनी दिलेले आहे, काढून टाकलेल्या सभासदाचा त्यावर हक्क उरत नाही. संस्थेच्या बाजूने नाव होते तिचे अध्यक्ष के. आर. पी. श्रॉफ यांचे. १९३२ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने संस्थेच्या बाजूने निकाल दिला: सभासदत्व ही व्यक्तीला दिलेली सवलत आहे, तिची खासगी मालमत्ता नाही. पुढे २००१ मध्ये अहमदाबादच्या शेअर बाजाराच्या खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही हेच तत्त्व धरले. तिथे दावा प्राप्तिकर खात्याचा होता.

कायद्याने प्रश्न सुटला. हिशेबाने मात्र सुटला नाही. तारण म्हणून ठेवलेल्या वस्तूची किंमत संकटाच्या वेळी टिकायला हवी. बाजार चढत असताना कार्डाला हवी ती किंमत येते, पण तेव्हा कोणी बुडत नाही. बाजार पडला की दलाल बुडतात, आणि नेमके त्याच वेळी कार्ड घ्यायला कोणी पुढे येत नाही. उन्हाळ्यात भक्कम आणि पावसात विरघळणारी अशी ती छत्री होती. दलालांना हे कळत नव्हते असे नाही. पण कार्डाची किंमत चढती राहावी, यात प्रत्येकाचा स्वार्थ होता आणि त्याचा सोपा उपाय एकच, दार बंद ठेवणे.

बंद दाराचे परिणाम लवकरच दिसले. बाजारात ‘कॉर्नर’ होत. म्हणजे कोणी एखाद्या कंपनीचे मिळतील तेवढे शेअर उचलून ठेवायचे आणि ज्यांनी हातात माल नसताना विकले असेल, त्यांची कोंडी करायची. अशा वेळी बाजार बंद ठेवायचा की नाही, भाव कोणता ठरवायचा, याचा निर्णय करणारेही सभासदच. बोभाटा इतका झाला की सरकारने १९२३ मध्ये अ‍ॅटले समिती नेमली, १९२५ मध्ये कायदा केला आणि १९३६ मध्ये पुन्हा मॉरिसन समिती नेमली. दार ठोठावणाऱ्यांनी आपले वेगळे घर बांधायचेही प्रयत्न केले. १९१७ मध्ये मुंबईत दुसरा शेअर बाजार निघाला, तो काही वर्षांत बंद पडला. १९३८ मध्ये आणखी एक निघाला. स्वातंत्र्यानंतर १९५६ चा कायदा आला आणि १९५७ मध्ये सरकारने दलाल स्ट्रीटच्या संस्थेला कायम मान्यता दिली. प्रतिस्पर्ध्याची चिंता मिटली, ती पस्तीसहून अधिक वर्षांसाठी.

श्रॉफ हे १९२३ ते १९६६ अशी त्रेचाळीस वर्षे अध्यक्ष होते. त्यांच्यानंतर १९८० पर्यंत फिरोज जीजीभॉय. मनोऱ्याला नाव आहे ते त्यांचेच. दोन माणसांत सत्तावन्न वर्षे! आपल्याकडच्या सहकारी संस्थांची आठवण व्हावी असा हा कारभार. या काळात संस्थेच्या उत्पन्नाला एक नवा झरा मिळाला होता, तो कंपन्यांकडून मिळणाऱ्या लिस्टिंग फीचा. ज्या कंपनीला आपले शेअर बाजारात आणायचे, तिने बाजाराला दरसाल फी द्यायची. दलालांच्या वर्गणीत आणि या फीत मोठा फरक आहे. वर्गणी सभासदाच्या मर्जीवर वाढते किंवा वाढत नाही. सर्वसाधारण सभेत वर्गणी वाढवण्याचा ठराव मांडून पाहावा म्हणजे कळेल. लिस्टिंग फी मात्र संस्था जे काम करते त्याबद्दल बाहेरचा माणूस देतो.

मग १९९२ उजाडले. रोखे घोटाळा झाला, सेबीला कायद्याचे अधिकार मिळाले आणि सरकारी वित्तसंस्थांनी मिळून नॅशनल स्टॉक एक्स्चेंज स्थापन केला. ३ नोव्हेंबर १९९४ ला तिथे शेअरचे व्यवहार सुरू झाले. तिथे कार्ड नव्हते. ठरलेली अनामत भरा, पुरेसे भांडवल दाखवा आणि उपग्रहाच्या जोडणीने कुठल्याही शहरातून सौदे करा. दलाल स्ट्रीटने १४ मार्च १९९५ ला स्वतःची संगणक यंत्रणा सुरू केली, पण उशीर झाला होता. ऑक्टोबर १९९५ मध्ये, म्हणजे वर्षाच्या आत, नव्या बाजाराची उलाढाल जुन्यापेक्षा जास्त झाली. एकशे वीस वर्षे जमवलेले गिऱ्हाईक अकरा-बारा महिन्यांत गेले. बाजारात आत येण्याचा दुसरा, स्वस्त रस्ता निघाल्यावर जुन्या दाराचे एवढे पैसे कोण मोजणार?

मला विचाराल तर ही दिवाळखोरी नव्हती. संस्थेकडे इमारत होती, ठेवी होत्या, हजारो कंपन्यांची फी येत होती. पण गिऱ्हाईक गेलेल्या दुकानाची तिजोरी भरलेली असली, तरी ती किती दिवस पुरणार हा प्रश्न असतोच.

त्या वेळी देशात वीसहून अधिक शेअर बाजार होते, आणि त्यांचे काय झाले हे पाहिले की फरक कळतो. पुण्याचा शेअर बाजार १९८२ चा. अशा प्रादेशिक बाजारांचा मोठा आधार हा होता की कंपनीने आपल्या भागातल्या बाजारात शेअरची नोंद करणे नियमाने सक्तीचे होते. २००३ मध्ये ती सक्ती गेली. मुंबईच्या दोन बाजारांपैकी एकावर नोंद असली म्हणजे पुरे. सौदे आधीच आटले होते, आता फीही आटली. २०१२ मध्ये सेबीने शंभर कोटींची नक्त मालमत्ता आणि वर्षाला हजार कोटींची उलाढाल अशा अटी घातल्या, आणि जमत नसेल त्याने बाहेर पडावे असे सांगितले. पुण्याचा बाजार २०१५ मध्ये बाहेर पडला. कोलकात्याचा १९०८ चा बाजार एके काळी मुंबईच्या तोडीचा. २००१ च्या मार्चमध्ये तिथल्या काही दलालांनी देणी थकवली, ती भागवताना बाजाराचीच ताकद खर्ची पडली, आणि तो त्यातून सावरला नाही. २०१३ मध्ये तिथले व्यवहार थांबले.

मुंबईच्या संस्थेने १९९७ मध्ये सौद्यांच्या हमीसाठी वेगळा निधी केला. दलाल बुडाला तर कार्ड विकले जाईपर्यंत थांबायचे नाही, निधीतून देणे लगेच भागवायचे. १८६५ नंतर एकशे बत्तीस वर्षांनी! १९९९ मध्ये बँकांना बरोबर घेऊन तिने शेअर सांभाळणारी डिपॉझिटरी कंपनी काढली. त्या वेळी हे जोडधंद्यासारखे वाटले असेल, पण दलालीच्या तेजी-मंदीवर अवलंबून नसलेले ते उत्पन्न होते. दलाल मंडळी मात्र सहजासहजी बदलली नाहीत. २००१ च्या घसरणीत संस्थेच्या अध्यक्षांना राजीनामा द्यावा लागला, आणि सेबीने दलाल संचालकांना मंडळातून दूर केले, तेव्हा कुठे पुढची गोष्ट शक्य झाली.

ती झाली १९ ऑगस्ट २००५ ला. त्या दिवशी सभासदांची संस्था संपली आणि तिच्या जागी कंपनी आली. कार्ड रद्द झाले. त्याचे दोन तुकडे झाले: मालकीबद्दल शेअर मिळाले आणि सौदे करण्याचा हक्क वेगळा राहिला. एकशे तीस वर्षे मालक, गिऱ्हाईक आणि न्यायाधीश ही तिन्ही कामे एकच माणूस करत होता, ती वेगळी झाली. निम्म्याहून अधिक मालकी दलाल नसलेल्यांकडे गेली पाहिजे, अशी अट होती. त्यासाठी २००७ मध्ये जर्मनी आणि सिंगापूरच्या बाजारांनी प्रत्येकी पाच टक्के हिस्सा घेतला. जुन्या घराण्यांना हळहळ वाटली असेल, आणि ती समजण्यासारखी आहे. आजोबांच्या कार्डाऐवजी हातात कंपनीचे चार कागद आले होते. पण ज्यांनी ते कागद जपून ठेवले, त्यांचे कार्डवाल्या दिवसांपेक्षा वाईट झाले नाही.

जानेवारी २०१७ मध्ये या कंपनीने आपले शेअर लोकांना विकायला काढले, ८०६ रुपये भावाने. आता शेअर विकायचे म्हणजे ते कुठल्या तरी बाजारात नोंदवले पाहिजेत आणि नियमाप्रमाणे शेअर बाजाराला स्वतःच्याच बाजारात आपली नोंद करता येत नाही. तेव्हा ३ फेब्रुवारी २०१७ रोजी आशियातला हा सर्वांत जुना शेअर बाजार आपल्या शेअरच्या नोंदीसाठी ज्याने त्याचे गिऱ्हाईक नेले होते त्या नॅशनल स्टॉक एक्स्चेंजकडे गेला. तिथली लिस्टिंग फी त्याला इतर कंपन्यांसारखीच भरावी लागते.